साहेबांचं मौन

"मग भन्ते, चीवर कधी देता?"

भन्ते विनयशील यांनी वाटीतलं कोमट पाणी संपवलं आणि वाटी खाली ठेवली.

"या पौर्णिमेला? की पुढच्या?"

विचारणारे शालिक खोब्रागडे. वय एकाहत्तर. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. भंडारा जिल्ह्यातले निम्मे कालवे आपल्या नजरेखालून गेले, असं ते सांगत. निवृत्तीला तेरा वर्षं झाली तरी गाव त्यांना साहेबच म्हणे. आता त्यांना घर सोडून भिक्खू व्हायचं होतं.

विहार तलावाच्या पाळीवर होता. सात पायऱ्या, पुढे पडवी, आत एक मोठी खोली. दुपारचे तीन वाजले होते. पडवीत साहेबांच्या पत्नी पंचफुलाबाई बाकावर काठी मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

भन्ते चौऱ्याऐंशी वर्षांचे. डाव्या कानामागे ऐकण्याचं यंत्र. साहेबांनी ते पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, वय झालं यांचं.

"घर का सोडायचं?" भन्तेंनी विचारलं.

"घर केव्हाच सुटलं, भन्ते. आता फक्त शरीर निघायचं राहिलंय."

"कसं सुटलं?"

"आवाज गेले."

साहेब सरसावून बसले. एकेक बोट दुमडत सांगू लागले.

"आधी पाखरं गेली. सकाळी अंगणात चिमण्या दिसतात, चोची हलतात, पण त्यांचा गलका मला शिवत नाही. मग कुकरची शिट्टी गेली. मग फोन, दारावरची बेल. टीव्हीत माणसं तोंडं हलवतात, मला हसू येतं. आता आत फक्त एक किर्र आवाज असतो. अखंड. ती कशाची खूण समजायची, भन्ते?"

"माणसांचं बोलणं?"

"समोर बसून बोललं तर कळतं. चार जण बोलायला लागले की शब्द वाहून जातात. मीही धरून ठेवत नाही. आपला मात्र एकेक शब्द पोहोचतो."

भन्ते मोठ्याने आणि सावकाश बोलत. सगळ्यांशीच.

"आणि एक," साहेब म्हणाले. "आषाढात पंचफुला न्हाणीघरात पडली. मी पलीकडच्या खोलीत ध्यानाला बसलो होतो. पाऊण तास ती पडून होती. हाका मारत होती म्हणे. शेजारची बाई मागच्या दाराने आली, पाठोपाठ चार माणसं घरात शिरली... मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. कुणी खांद्याला हात लावला तेव्हा उठलो."

नव्या कालव्यात पहिलं पाणी सोडलं आणि कुठेही गळती निघाली नाही, हे सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं.

"हाड मोडलं?"

"खुब्याचं. नागपूरला ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालते. तिची सोय लावली आहे मी. कामाला बाई येते. मुलगी रायपूरहून फोन करते."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं. 'करा' म्हणाली."

भन्ते उठले. उठताना आधी एक गुडघा टेकला, मग हाताने जमिनीला रेटा दिला, मग उभे राहिले. साहेबांच्या पाठीमागे कोपऱ्यात माठ होता. तिथे गेले.

साहेब समोरच्या बुद्धमूर्तीकडे पाहत ताठ बसून राहिले.

"उपासक, पाणी घेता का?" भन्तेंनी मागून विचारलं.

...

"पंचफुलाबाईंना आत बोलवू का?"

...

"उपासक, आजच चीवर हवं का?"

साहेबांची पाठ हलली नाही.

भन्ते भांडं भरून घेऊन आले, ते साहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर बसले.

साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "आपणही मौनात गेलात, भन्ते. फार बरं वाटलं."

"मी तीन प्रश्न विचारले."

"कुणाला?"

"तुम्हाला."

...

"तिसरा प्रश्न होता, आजच चीवर हवं का."

साहेबांनी मागे वळून माठाकडे पाहिलं. मग भन्तेंकडे. "आपण हळू विचारलं असेल."

भन्ते दाराकडे पाहत होते. पंचफुलाबाई काठी टेकत दारात येऊन उभ्या होत्या. बाहेर पडवीत त्यांना ऐकू गेलं होतं.

भन्तेंनी स्वतः उठून भिंतीजवळची खुर्ची पुढे ओढली. बाई वंदन करून बसल्या. खाली बसणं त्यांना जमत नव्हतं.

"तुम्ही यांना 'करा' म्हणालात?" भन्तेंनी विचारलं.

"म्हटलं, भन्ते. पण तो शेवटला शब्द होता."

"आधीचे?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. साहेब दोघांच्या ओठांकडे पाहत होते.

"म्हटलं, आता हा दुसराही पाय दुखते. एक डाव दवाखान्यात दाखवून आणा, मंग काय करायचं ते करा."

भन्ते साहेबांकडे वळले आणि तेच वाक्य तसंच, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"असं कधी म्हणाली ही?"

"सयपाकघरातून म्हटलं जी."

भन्तेंनी तेही सांगितलं. मग बाईंकडे वळले.

"पडलात त्या दिवशी हाका किती मारल्या?"

"मोजल्या नाही. घसा बसला. मंग तांब्या फरशीवर आपटत रायले. तो कुंदाबाईनं आयकला."

भन्ते पुन्हा साहेबांकडे वळले. "घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मग तांब्या आपटला. तो शेजारच्या घरात ऐकू गेला."

"मी ध्यानात होतो!" साहेब म्हणाले. खोलीत आवाज घुमला. आपण किती मोठ्याने बोललो, हे त्यांना कळलं नाही.

पंचफुलाबाई काठीच्या मुठीकडे पाहत होत्या.

"यायले आयकू येत नाही, भन्ते," त्या म्हणाल्या. "धा वर्सं झाले."

साहेब वाट पाहत होते. भन्ते वळले नाहीत.

"काय म्हणाली?"

"हे मी सांगणार नाही," भन्ते बाईंना म्हणाले. "तुम्ही सांगा."

बाई काठीवर जोर देऊन उठल्या. चार पावलं चालून नवऱ्यासमोर आल्या. वाकवेना, म्हणून उभ्या उभ्याच त्यांनी त्यांची हनुवटी हाताने वर केली, चेहरा आपल्याकडे वळवला.

"तुमाले आयकू येत नाही जी."

साहेबांनी त्यांचा हात बाजूला केला नाही.

"धा वर्सं झाले," बाई म्हणाल्या.

"...मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी रिटायर झाले. हळूहळू लोक यायचे बंद झाले. तुमी अंगणात खुर्ची टाकून नुसते रस्त्याकडे पाहत बसत होते. मंग चार वर्साआधी विहारात यायले लागले. एक दिवस कोणीतरी म्हटलं, साहेबाले मौन लाभलं. त्या दिवशी घरी येऊन तुमी दोनदा भात घेतला." बाई थांबल्या. "मी कशाले बोलू?"

साहेबांना यातलं किती कळलं, सांगता येत नाही. पण चेहरा बघता बघता उतरला, आणि मग लाल झाला.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं? तुम्हालाही? मी पुढे बसत होतो, लोक हात जोडत होते, आणि सगळे मनात..."

भन्तेंनी हात वर केला. कानामागचं यंत्र काढलं आणि तळहातावर ठेवलं. पेरूच्या फोडीएवढी ती वस्तू.

"आता बोला," ते म्हणाले.

साहेब बोलले. आवाज चढवून बोलले. चार वर्षं आपल्याला फसवलं, बायकोने फसवलं, विहाराने फसवलं. या वयात आपल्याकडे एवढंच उरलं होतं आणि तेही आज भर दुपारी काढून घेतलं. बोलता बोलता डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला.

भन्ते त्यांच्याकडे प्रेमाने पाहत होते. मान हलवत होते.

"साधु, साधु," छान झालं म्हणावं तसं ते हसून म्हणाले.

साहेबांचा रुमाल तसाच हातात राहिला.

"...हसताय आपण?"

"साधु."

साहेब जागेवरून अर्धे उठले. तेव्हा भन्तेंनी यंत्र पुन्हा कानामागे बसवलं. बोटाने बारीक चाक फिरवलं.

"काय म्हणालात?"

"मी माझं दुःख सांगत होतो, भन्ते. आणि आपण हसलात."

"हो," भन्ते म्हणाले. "तिनेही सांगितलं होतं."

"कुणी?"

"आहे एक उपासिका. सहा वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्याने मला हे यंत्र देऊ केलं. मी नको म्हटलं. भिक्खूला आवाजांची हाव कशाला? एक वर्ष तसंच काढलं. कुणी काही बोललं की मी हसायचो, मान हलवायचो. लोक म्हणायला लागले, भन्ते किती शांत झाले... मलाही ते आवडायला लागलं. एक दिवस ती आली. तुम्ही बसलात तिथेच बसली. बराच वेळ बोलली. मी हसलो. 'साधु, साधु' म्हणालो. ती उठून गेली."

"काय सांगत होती?"

"मुलगा गेल्याचं."

...

"पुन्हा आली?"

"नाही. मीच गेलो तिच्या घरी. आधी दवाखान्यात जाऊन यंत्र घेतलं, मग गेलो. तिने बसायला दिलं, पाणी दिलं. बोलली नाही."

पडवीत कुणीतरी ओलं चीवर वाळत घातलं होतं. ते वाऱ्याने फडफडत होतं. दोघांना ऐकू येत होतं.

"म्हणजे चार वर्षं मी बसलो," साहेब शेवटी म्हणाले, "ते काहीच नाही?"

"बसलात हे खरं आहे."

साहेब वंदन न करता उठले. पडवीत चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून चालू लागले.

पाळीवर येऊन त्यांनी वळून पाहिलं. एरवी ते वळत नसत. पंचफुलाबाई तिसऱ्या पायरीवर थांबल्या होत्या. उजव्या हातात काठी होती. डावा हात हवेत आधार शोधत होता. त्या बाजूला धरायला काहीच नव्हतं.

त्या काहीतरी म्हणत होत्या. ओठ हलत होते.

साहेब परत पायऱ्या चढले आणि त्यांनी तो हात धरला.

पुढचे आठ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. विहारातही गेले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी स्वतःच ऑटो बोलावली आणि बाईंना घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. पायासाठी. आपल्यासाठी नाही, हे त्यांनी निघताना दोनदा सांगितलं.

पाय तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिने बाईंना चालायला लावलं, थांबवलं, परत चालायला लावलं. मग काठीच हातात घेतली.

"ही कुणाची?"

"घरी होती. यायच्या वडलाची," बाई म्हणाल्या.

"दोन इंच उंच आहे. खांदा वर ओढला जातो, कंबर वाकडी पडते, चांगल्या पायावर भार येतो. म्हणून तो दुखतो." तिने बाईंच्या मनगटाच्या उंचीवर काठीला पेनाने खूण केली. "इथपर्यंत हवी. आणि न्हाणीघरात दांडी लावा. रोज खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. दहा वेळा. हाडांच्या गोळ्या लिहून देते."

बाईंनी ते सगळं साहेबांना परत सांगितलं. डॉक्टर पाहत राहिली. मग तिने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि बाईंच्या नाही, साहेबांच्या हातात दिली.

"हे कशाला?"

तिने बोटाने दाखवलं. त्याच ओळीत, चार दारं सोडून.

काचेच्या खोलीत त्यांना बसवलं. कानांवर जाड हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं.

सुरुवातीला पाच-सहा वेळा आवाज आला. साहेबांनी बटण दाबलं. नंतर काही येईना. ते ताठ बसले, डोळे मिटले. चित्त एकाग्र करायची त्यांना सवय होती. बटणावर अंगठा ठेवून ते वाट पाहत राहिले.

दार उघडलं तेव्हा ते म्हणाले, "करा सुरू पुढचं."

तपासणारी मुलगी समोर येऊन उभी राहिली. "झालं, काका."

"झालं?"

"पंचवीस मिनिटं झाली."

तिने कागद पुढे केला. त्यावर एक रेघ होती. डावीकडून थोडी सपाट आणि मग सरळ खाली उतरत गेलेली. साहेबांनी खिशातून चष्मा काढला. आयुष्यभर त्यांनी रेघांचे उतार पाहिले होते.

"एवढा उतार आम्ही कालव्याला देत नाही," ते म्हणाले.

मुलगी हसली. दाराशी उभ्या पंचफुलाबाईही हसल्या. साहेबांना ते दिसलं.

यंत्र मिळायला तीन आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत त्यांनी काठी दोन इंच कापली, खाली नवा रबर बसवला. न्हाणीघरात स्टीलची दांडी लावली. गवंड्याला हात लावू दिला नाही. पाणसळ घेऊन स्वतः भिंतीवर रेघ मारली, आणि दांडी बसल्यावर आपलं सगळं वजन टाकून तिला लोंबकळून पाहिलं. विहाराच्या पायऱ्यांनाही एक लावायची म्हणून माप घेऊन आले. भन्ते तेव्हा बाहेरगावी होते.

भेट झाली ती यंत्र मिळाल्यावर दीड महिन्याने. पुन्हा दुपार. साहेब आत आले, वंदन केलं आणि बसले. दोन्ही कानांमागे यंत्रं होती.

"लावता?" भन्तेंनी विचारलं.

"लावतो. आधी दिवसातून दोन तास. मग चार. आता दिवसभर."

"कसं आहे?"

"गोंगाट." साहेबांनी कपाळ चोळलं. "भांडी, पंखा, नळ. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा वाजवल्यासारखं होतं. आठ दिवस तर डब्यात घालून ठेवून दिलं होतं. पंचफुलाने काढून हातात दिलं. काही बोलली नाही."

"त्यांचा पाय?"

"दुसरा दुखायचा थांबला. खुर्चीतून दहा वेळा उठते रोज. आता बारा. मी मोजतो."

भन्तेंनी मान हलवली.

"मी दुसरंच विचारायला आलो, भन्ते." साहेब घुटमळले. "बसणं होत नाही."

"का?"

"सकाळी बसतो. डोळे मिटतो, श्वासावर येतो. तेवढ्यात पलीकडे ती उठते. उठताना 'आई गं' म्हणते. बसताना परत म्हणते. उंबरा ओलांडताना म्हणते. अगदी हळू. कुणाला सांगायला म्हणत नाही ती, तिचं तिलाच."

...

"मला ठाऊकच नव्हतं. किती वर्षं म्हणते, कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, मी कुठं काय म्हणते जी."

साहेबांनी कानामागच्या यंत्राला बोट लावलं.

"मग मी यंत्र काढून बसून पाहिलं. परवा. सगळं पूर्वीसारखं गप्प झालं. तीच किर्र. पण आता उपयोग नाही. ती काही म्हणत असेल, उठत असेल, असंच वाटत राहतं. श्वास बाजूला पडतो. मन त्या खोलीकडे जातं, भन्ते. किती आवरलं तरी तिकडेच जातं."

भन्तेंनी पुढ्यातली वाटी उचलली. पाणी घोटभर प्यायले. वाटी खाली ठेवली.

"जाऊ दे तिकडे."